झाकलेला सांधा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री अकरा वाजून गेले होते. फराळाचे डबे भरून झाले होते, उटणे वाटीत काढून ठेवले होते आणि घरात निजानीज झाली होती. एवढ्यात माझा नातू खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी या वेळी तो मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो.

"आजोबा, झोप येईना. एक विचारू?"

"विचार की."

"एखादं काम आपण केलं. ते नीट झालेलं नाही, हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. बहुतेक ते टिकेलही. तर मग सांगायलाच पाहिजे का?"

मला वाटले, परीक्षेतले किंवा त्या वयातले काहीतरी असणार. निघाले ते एका खेळातल्या मोटारीच्या बॅटरीच्या तारेचे. मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून हसू आवरले. पुढे तासभर आम्ही बोलत बसलो आणि तो निजायला गेल्यावर मला मात्र झोप लागली नाही. त्याचे कारण शेवटी सांगतो. आधी ती तार काय होती ते सांगायला हवे, कारण या प्रश्नाचे सगळे मर्म त्या तारेतच आहे.

आमच्या शेजारी सहावीतला एक मुलगा आहे. घर कन्नड, पण पोर दिवसभर आमच्याकडे. मला 'अज्जा' म्हणतो, नातवाला 'दादा'. त्याच्या वडिलांनी त्याला रेडिओ-कंट्रोलवर पळणारी मोटार घेऊन दिली आहे. जत्रेत मिळते ती नव्हे. ही हातभर लांब, खऱ्या स्प्रिंगांवर उभी राहणारी आणि मैदानात सोडली तर माणसाला पळून गाठता न येणारी. तिच्यात नातवाने जास्त ताकदीची मोटर बसवून दिली होती. मोटर बदलली म्हणून बॅटरीच्या टोकाचा जुना पांढरा कनेक्टर बदलणे आले. जुना जोड थोड्या प्रवाहासाठी ठीक असतो. जास्त प्रवाह ओढला की तो तापतो आणि त्याचे प्लास्टिक मऊ पडते. म्हणून त्या जागी पिवळ्या रंगाचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांचा, एक्सटी-६० नावाचा कनेक्टर बसवायचा होता. नावातले ६० म्हणजे ६० अँपिअर.

बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची, दोन सेलची, ७.४ व्होल्टची. आकडा ऐकला तर वाटते, यात घाबरण्यासारखे काय आहे? कोरड्या बोटांनी दोन्ही टोके धरली तरी काही जाणवत नाही. पण या बॅटरीचा जोर दाबात नसून प्रवाहात असतो. गाडीने एकदम वेग घेतला की तारेतून ४०-५० अँपिअर सहज वाहतात. आपल्या न्हाणीघरातला २००० वॅटचा गीझर घेतो ते साधारण ९ अँपिअर. म्हणजे पाच गीझरांचा प्रवाह एका बोटभर लांबीच्या सांध्यातून जाणार. म्हणून तार जाड घेतात. १२ गेजच्या सिलिकॉन तारेत ०.०८ मिलिमीटर जाडीच्या ६८० बारीक तारा असतात. या सगळ्यांना एका पिनेच्या कपात नीट बसवून सोल्डर करणे, हे ते काम.

सोल्डरला आपल्याकडे जुना शब्द आहे, डाख. तांबट आणि सोनार डाख देत. आता तो शब्द आमच्या पिढीबरोबर मागे पडत चालला आहे. पण ज्यांनी लहानपणी दारात कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना सोल्डरिंग वेगळे शिकवावे लागत नाही. तो जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडे तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, धुराचा एक भपकारा उठायचा आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो भांडेभर फिरवायचा. काळवंडलेल्या पितळेवर चांदण्यासारखी झळाळी पसरायची. नवसागर कशासाठी? धातूवर हवेने चढलेला ऑक्साइडचा थर काढून टाकण्यासाठी. तो थर असेतो कथील धातूला धरत नाही. सोल्डरिंगमध्ये हेच काम फ्लक्स करतो, म्हणजे बहुधा राळ. आणि तारेला व पिनेला जोडण्याआधी दोघांनाही सोल्डरचा पातळ थर देऊन घ्यावा लागतो, ती कल्हईच. आधी दोघांना कल्हई, मग जोड. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते. कल्हई न दिलेला सांधाही उशिरा का होईना, कळकतोच.

चांगला सांधा कसा ओळखावा? सोल्डर तारांमध्ये झिरपले पाहिजे आणि कपाच्या कडेला उतरत्या उतारासारखे पसरले पाहिजे. धातूशास्त्रात याला 'भिजणे' असेच म्हणतात. नेहमीचे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणजे या व्यवहारात तांबे वितळत नाही, ते तांबेच राहते. फक्त जिथे दोघांची गाठ पडते तिथे तांबे आणि कथील यांच्या संयुगाचा एक थर तयार होतो, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ. खरा सांधा तो. वर दिसते ते नुसते पांघरूण.

आणि वाईट सांधा? त्याला आपल्या भाषेतच उपमा तयार आहे: अळवावरचे पाणी. पिन पुरेशी तापली नसेल तर सोल्डर तिच्यावर वितळते खरे, पण भिजवत नाही. गोळी होऊन बसते. थंड झाल्यावर ती घट्ट चिकटलेली वाटते. ओढून पाहिले तरी सुटत नाही. पण आत तो थर बनलेलाच नसतो. याला कच्चा सांधा म्हणतात.

नातवाच्या हातून नेमके हेच झाले होते. लाल तारेचा सांधा उत्तम जमला. काळ्या तारेच्या वेळी सोल्डर गोळी होऊन बसले. त्याच्याकडे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न होते. रेडिओच्या बारीक कामाला ते पुरते. अशी जाड तार आणि पिन त्याची सगळी उष्णता पिऊन टाकतात. अशा कामाला ६० वॅटचे, रुंद टोकाचे आयर्न हवे. त्याला हे ठाऊक होते. त्याने आणखी थोडा वेळ टेकवून पाहिले, तर पिवळे प्लास्टिक मऊ पडू लागले. समोर शेजारचे पोर उड्या मारत होते, "दादा, झालं का? दादा, झालं का?" त्याने सांधा ओढून पाहिला. सुटला नाही. मीटर लावला. मीटर 'टुंई' वाजला, म्हणजे प्रवाह जातो आहे. मग त्याने तापवली की आवळून बसणारी काळी नळी सांध्यावर सरकवली, लायटरची आच दिली आणि नळी चापून बसली. आता दोन्ही सांधे बाहेरून अगदी जुळ्या भावांसारखे दिसत होते. पोर बॅटरी घेऊन पळाले.

"त्यानं तारेकडे पाहिलंच नाही, आजोबा," नातू म्हणाला. "माझ्याकडे पाहून थँक्यू म्हणाला आणि गेला."

इथे मीटरबद्दल थोडे सांगायला हवे. मीटरचे 'टुंई' खोटे नव्हते, पण ते फार थोडे खरे होते. मीटर तपासताना जो प्रवाह सोडतो तो अगदी नगण्य असतो आणि त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध या सांध्याच्या रोधापेक्षा किती तरी जास्त. एका ओहमचा शंभरावा हिस्सा त्याला दिसतच नाही. पण ५० अँपिअरला तो दिसतो. प्रवाहाचा वर्ग करून रोधाने गुणले की उष्णता मिळते: ५० गुणिले ५० गुणिले एक शतांश, म्हणजे २५ वॅट. योगायोग पाहा, ज्या आयर्नने तो सांधा नीट झाला नाही, तेही २५ वॅटचेच. म्हणजे गाडी भरधाव सुटली की तो कच्चा सांधा स्वतःच एक सोल्डरिंग आयर्न होणार आणि आपलेच सोल्डर वितळवू पाहणार! चांगल्या सांध्याचा रोध याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. तिथे फार तर दोन-अडीच वॅट. तार सुटली तर गाडी नुसती थांबेल. पण सुटलेले टोक शेजारच्या टोकाला टेकले तर बॅटरी शॉर्ट होईल, आणि लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर पेटूही शकते. 'बहुतेक टिकेल' या शब्दांत जो 'बहुतेक' आहे, त्याचा अर्थ हा.

तर प्रश्न असा: सांगायलाच पाहिजे का?

हा प्रश्न नवा नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा येते. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला अशी अंगठी सापडते की तिचे खोड तळहाताकडे फिरवले की घालणारा अदृश्य होतो. त्या अंगठीच्या जोरावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. ग्लॉकन विचारतो: अशी अंगठी सज्जनाला एक आणि दुर्जनाला एक दिली, तर त्यांच्या वागण्यात काही फरक राहील का? की माणूस चांगला वागतो तो केवळ पाहिला जातो म्हणून? एवढी मोठी कथा आणि राजाचा खून आपल्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला येते ती दोन रुपयांची काळी नळी. पण ती करते तेच. तिने सांधा अदृश्य होतो आणि सांध्याबरोबर तो करणाराही.

मी नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "पण ती नळी फसवायला नाही लावली. शॉर्ट होऊ नये म्हणून ती लावावीच लागते." खरे आहे, आणि यातच गुंतागुंत आहे. झाकणे हे मुळात वाईट नाही. झाकल्याशिवाय उघड्या तारा एकमेकींना टेकतील. या छंदातला एक शिरस्ता मला फार आवडला. बॅटरीच्या बाजूला नेहमी खोलगट, आतून पोकळ टोके बसवतात आणि गाडीच्या बाजूला उघड्या पिना. कारण बॅटरी सुटी असली तरी जिवंतच असते. तिची टोके उघडी राहिली तर धोका. ज्याच्याकडे शक्ती आहे त्याने आपली टोके आत ठेवावीत, हा नियम मला माणसांनाही लागू करावासा वाटतो. म्हणजे झाकण संरक्षणासाठीही असते आणि लपवण्यासाठीही. नळी तीच, रंग तोच. फरक फक्त तिच्या आत काय आहे हे आपण सांगायला तयार आहोत की नाही, एवढाच.

त्या रात्री माझ्या तोंडून मात्र एक वेगळेच व्याख्यान गेले. आमच्या पिढीची ती खोडच आहे. मी म्हणालो, "हाताला वळण नसलं की असं होतं. आम्ही या वयात डोळे मिटून डाख द्यायचो."

नातू जरा चिडला. "म्हणूनच मी म्हणत होतो, सोल्डर नकोच. दाबून बसवायचे कनेक्टर मिळतात. ना धूर, ना शिसं, ना बोट भाजायची भीती. सहावीतला पोरगाही बसवील."

"ती आळशाची सोय," मी म्हणालो.

"मग विमानात का वापरतात?"

या प्रश्नाने मी गप्प झालो, कारण उत्तर मला ठाऊक होते. माझे आयुष्य टेलिफोनच्या कामात गेले. टेलिफोनमध्ये तार चौकोनी खांबावर पाच-सात वेढे घट्ट गुंडाळून जोडण्याची रीत मी पाहिली आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती निघाली. खांबाच्या कडा तारेत रुततात आणि आत हवाही शिरत नाही. डाखाचा थेंब नाही, तरी सांधा वर्षानुवर्षे टिकतो. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकातही अशा गुंडाळलेल्या तारांचे हजारो सांधे होते. त्याला आळशाची सोय कोण म्हणेल?

दाबून बसवण्याच्या रीतीचेही तसेच. तांब्याच्या नळकांड्यात तारा घालून योग्य हत्याराने दाबल्या की त्या एकमेकींत आणि नळकांड्यात इतक्या चेपल्या जातात की मध्ये पोकळी उरत नाही. चांगल्या हत्याराला खटका असतो. पूर्ण दाब दिल्याशिवाय ते उघडतच नाही. अँडरसन पॉवरपोल नावाचे जोड असेच बसवतात. त्यांत नर-मादी असा भेदही नाही. कोणताही तुकडा दुसऱ्या कोणत्याही तुकड्यात बसतो. उलट सोल्डर काही ठिकाणी अपायच करते. ते तारांमधून वर झिरपत जाते, तार तेवढी ताठ होते आणि गाडी हादरली की ताठ भाग संपतो तिथेच ती तुटते. स्क्रूने आवळायच्या जागी सोल्डर लावलेली तार घातली, तर मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि महिनाभरात स्क्रू सैल होतो. म्हणजे एके ठिकाणचा गुण दुसऱ्या ठिकाणी दोष होतो. हाताने डाख देणे हा सद्गुण आणि दाबून बसवणे हा आळस, ही माझी वाटणी निव्वळ अहंकाराची होती. मला जे येते ते नीतीच्या खात्यात जमा करून मी मोकळा झालो होतो.

मी हार मानली. पण त्याचेही पूर्ण बरोबर नव्हते. मी विचारले, "ते दाबायचं हत्यार आहे तुझ्याकडे?"

"नाही. महाग आहे. पक्कडीनं दाबलं तरी बसतं."

"बसतं. मग कालचंही बसलंच होतं की!"

पक्कडीने चेपलेला सांधा हाही कच्चा सांधाच. बाहेरून चपटा, आत पोकळ्या. तिसरी वाट, म्हणजे बाजारातून तयार जोडतार आणून मध्ये लावणे. तिच्यात स्वतः काहीच करावे लागत नाही, पण दोन सांधे वाढतात आणि ते कोणी केले हे कुणालाच ठाऊक नसते. कच्चेपणा डाखात नसतो आणि दाबातही नसतो. सोल्डर टाळले म्हणून प्रश्न टळत नाही. तो फक्त जागा बदलतो. सांधा कोणत्या रीतीने करावा, हा कारागिरीचा प्रश्न. तो सांधा आपला म्हणून कोण पुढे येतो, हा नीतीचा. दोन्ही प्रश्न आपण एकमेकांत मिसळतो आणि मग जुने लोक नव्यांना आळशी म्हणतात, नवे लोक जुन्यांना हटवादी.

तरीही एकदा तरी हाताने सांधा करून पाहावा, असे मला वाटते. रीत श्रेष्ठ म्हणून नव्हे. ज्याने स्वतःच्या हाताने एक कच्चा सांधा केला आहे, त्यालाच कळते की तयार मालाला कोणता प्रश्न विचारायचा. नातवाची झोप उडाली ती त्याला सोल्डरिंग थोडेफार येत होते म्हणून. मुळीच येत नसते तर तो सुखाने झोपला असता. कौशल्य माणसाला नुसता हात देत नाही, टोचणीही देते.

आपल्याकडे गोरोबाकाकांची गोष्ट आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले. नामदेव कच्चे ठरले आणि रागावले. पण त्यांची थोरवी अशी की रागावून ते तिथेच थांबले नाहीत. पुढे विसोबा खेचरांकडे गेले. लहानपणी मला ही गोष्ट नामदेवांच्या अपमानाची वाटे. आता वाटते, कच्चे असणे हा गुन्हा नव्हेच; सगळीच मडकी एकदा कच्ची असतात. थापटणे चुकवणे हा गुन्हा. आणि थापटल्याशिवाय, म्हणजे भार आल्याशिवाय, कच्चे-पक्के कळत नाही. मीटरच्या 'टुंई'वर विसंबणे म्हणजे मडक्याकडे नुसते पाहून पक्के म्हणणे.

आता माझ्या झोपेचे कारण. नातवापाशी मी ते त्या रात्री बोललो नाही.

१९७९च्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी नोकरीला होतो. नोकरी नवी, वय पंचविशीच्या आतले. गावातल्या एका डॉक्टरांचा टेलिफोन कधी लागे, कधी लागत नसे. दिवसा तक्रार यायची, आम्ही तपासायचो, तर तो चालू असायचा. असे तीन आठवडे चालले. एका दुपारी तारा चाळताना माझे बोट एका सांध्याला लागले आणि तो हलला. तो सांधा मीच केलेला होता. महिनाभरापूर्वी, संध्याकाळची बस गाठायच्या घाईत. सोल्डर गोळी होऊन बसले होते. दमट हवेत त्याच्या आत हिरवट कीट धरले होते. मी इकडेतिकडे पाहिले, आयर्न तापवले आणि दोन मिनिटांत सांधा पक्का करून टाकला. मग रजिस्टर उघडले. दोषाच्या रकान्यात काय लिहायचे? आमच्या कामात एक सोयीचा शेरा असे: 'तपासता ठीक'. म्हणजे तक्रार होती, पण तपासले तेव्हा दोष आढळला नाही. मी तो शेरा लिहिला आणि खाली सही केली.

टेलिफोन पुन्हा कधी बिघडला नाही. काम पक्के झाले होते; खोटे होते ते फक्त ते दोन शब्द. त्या तीन आठवड्यांत रात्री-अपरात्री कुणी त्या डॉक्टरांना फोन लावला आणि लागला नाही, असे झाले का? झाले असेल तर कुणाचे काय अडले? मला कधीच कळले नाही. मी विचारले नाही. विचारायला गेलो असतो तर 'तुम्हाला कसे ठाऊक?' असा उलट प्रश्न आला असता. काळ्या नळीचा खरा त्रास हा आहे. आतला दोष दुरुस्त करता येतो, पण झाकले होते हे कबूल केल्याशिवाय त्याचा परिणाम कुठवर गेला हे शोधता येत नाही. चूक सुधारण्याचा अर्धा भाग आपण स्वतःच्या हाताने बंद करून टाकतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळी झाल्यावर, फराळाचे ताट शेजारी पोचवायच्या निमित्ताने, मी नातवाबरोबर गेलो. बोलला तो स्वतःच. "तुझ्या बॅटरीचा एक सांधा माझ्याकडून नीट झालेला नाही. काल सांगायला हवं होतं. आज गाडी चालवू नकोस." पोराचा चेहरा पडला. दिवाळीचा दिवस आणि गाडी बंद! त्याचे वडील बाहेर आले. नातवाने त्यांच्यासमोर ब्लेडने नळी कापली आणि ती गोळी दाखवली. ते वाकून बघत म्हणाले, "बेसुगे सरि आगिल्ल." कन्नडमध्ये डाखाला, सांध्याला बेसुगे म्हणतात. सांधा बरोबर झालेला नाही, एवढेच ते म्हणाले. रागावले नाहीत. त्यांच्या भाषेत बेसुगे हा शब्द माणसामाणसांतल्या जिव्हाळ्यालाही वापरतात, हे मला परत येताना आठवले.

आपण सीमेवरची माणसे. कोण कोणात किती मिसळले यावरून आपल्या भागात पिढ्यानपिढ्या वाद चालत आले आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला डाखातली एवढीच गोष्ट दिसते की तिथे तांबे तांबेच राहते, पितळ पितळच राहते, तरी सांधा होतो. मात्र दोघांवरची पुटे आधी निघावी लागतात. आणि उष्णता अतोनात दिली तर मधला थर जाड होऊन ठिसूळ होतो. फार गळ्यात पडण्यातही सांधा तुटतो. सांगायला आलेल्या पोरावर न रागावता त्याच्या बरोबर वाकून बघणारा शेजारी, एवढी उष्णता पुरते.

दुपारी आम्ही माझे जुने ६० वॅटचे आयर्न माळ्यावरून काढले. बॅटरीच्या दोन तारा एकाच वेळी मोकळ्या सोडायच्या नाहीत, म्हणून लाल बाजू टेपने गुंडाळून ठेवली. पिना तिरक्या होऊ नयेत म्हणून कनेक्टरमध्ये त्याचा दुसरा अर्धा भाग खोचला. राळेच्या धुरासाठी खिडकी उघडली. आधी कल्हई, मग जोड. तीन-चार सेकंदांत सोल्डर झिरपून पसरले. जास्त उष्णता, थोडा वेळ. कमी उष्णता घेऊन रेंगाळत बसले की प्लास्टिकही जाते आणि सांधाही. मग पोराला पाच मिनिटे गाडी भरधाव पळवायला लावली आणि थांबवून दोन्ही सांध्यांवर बोट ठेवले. दोन्ही सारखेच कोमट. भाराखाली तपासले होते, आणि ठीक होते. त्यानंतर आम्ही तिघांनी साबणाने हात धुतले, कारण सोल्डरमध्ये शिसे असते.

नळी पुन्हा लावावी लागलीच. पण या वेळी नातवाने बाजारातून पारदर्शक नळी आणली. तशीही मिळते, आवळून बसते आणि आतले दिसते. किंमत काळीइतकीच. आता तो सगळीकडे तीच वापरतो.

माझ्या १९७९च्या सांध्यावर पारदर्शक नळी चढवायची सोय नाही. ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेले असेल, ती यंत्रे भंगारात. त्या रकान्यात आता मला काही खोडता येत नाही. म्हणून इथे लिहितो: दोष आढळला होता. सांधा कच्चा होता. तो मी केला होता.